सेरेसवरचं पांढरं रान

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. गावाकडच्या घराच्या गच्चीवर आईनं उडदाच्या पापडांना ऊन दाखवायला ठेवलं होतं आणि कावळे हाकलायचं काम माझ्याकडे होतं. एका हातात काठी, मांडीवर लॅपटॉप, बाजूला मोबाईल. बंगळूरच्या ऑफिसनं पंधरा दिवस घरून काम करायची परवानगी दिली होती, म्हणून मला वाळवणाच्या दिवसांत गावी येता आलं होतं.

आप्पा, म्हणजे माझे आजोबा, जिना चढून वर आले आणि माझ्याजवळ चटईवर टेकले. मोबाईलवर एक फोटो उघडा होता. करडी, खड्ड्याखड्ड्यांची जमीन. त्यातल्या एका मोठ्या खड्ड्याच्या मधोमध पांढराफटक डाग आणि बाजूला विखुरलेले आणखी थोडे ठिपके.

आप्पांनी चष्मा सरळ केला. मोबाईल हातात घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग विचारलं, "ह्ये कुणाचं रान गं?"

मी गावी येऊन चार दिवस झाले होते आणि आप्पा स्वतःहून माझ्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं. त्याचं कारण मला माहीत होतं. ते पुढे सांगते.

"कुणाचं नाही आप्पा. तुम्हीच ओळखा. हे पांढरं काय असेल?"

"काय असायचंय? मीठ वर आलंय. खाली पाणी असणार."

आप्पा सहज बोलून गेले. मी मात्र काठी खाली ठेवली. कारण यातल्या पहिल्या वाक्याचं उत्तर शोधायला एका यानाला साडेसात वर्षं प्रवास करावा लागला होता. दुसऱ्या वाक्याचं उत्तर तर ते यान बंद पडल्यानंतर, २०२० मध्ये जगासमोर आलं.

ठिपक्याचं कोडं

तो फोटो सेरेसचा होता. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा जो पट्टा आहे, त्यातला हा सगळ्यात मोठा गोळा. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मो इथून जुझेप्पे पियाझ्झी यांना तो पहिल्यांदा दिसला. आधी त्याला ग्रह म्हटलं गेलं, मग लघुग्रह. २००६ पासून तो बटुग्रह आहे. व्यास साधारण ९४० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून बंगळूरला रस्त्यानं जाताना जेवढं अंतर पडतं, जवळपास तेवढा.

मी कंटेंट रायटर आहे. इंग्रजीत बीए केलंय, विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. त्या दिवशी मला सेरेसवर आठशे शब्द लिहायचे होते आणि शीर्षकात 'रहस्यमय' हा शब्द हवाच, असं सांगण्यात आलं होतं. मी शीर्षक आधीच लिहून टाकलं होतं : 'सेरेसवरचे रहस्यमय दिवे, कोणी लावले?' आतला मजकूर अजून लिहायचा होता.

खरं तर २०१५ मध्ये, मी दहावीत असताना, हे 'दिवे' मलाही खरे वाटले होते. नासाचं 'डॉन' हे यान २७ सप्टेंबर २००७ ला निघालं, वाटेत वेस्टा या लघुग्रहाभोवती वर्षभराहून जास्त काळ फिरलं आणि मग सेरेसकडे वळलं. १९ फेब्रुवारी २०१५ ला ते सुमारे ४६,००० किलोमीटरवर असताना त्यानं फोटो काढला आणि त्यात एकाच खड्ड्यात दोन चमकते ठिपके दिसले. वर्गात कुणीतरी म्हणालं, परग्रहावरच्या लोकांचं शहर आहे. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "असेल. तू आधी बीजगणित कर."

पुढे वाचताना कळलं की तेव्हा मोठी माणसंही अंदाजच बांधत होती. नासाच्या प्रयोगशाळेनं लोकांकडून चक्क मतं मागवली होती. ज्वालामुखी, गरम पाण्याचं कारंजं, खडक, बर्फ, मिठाचा थर, की आणखी काही? माझे आप्पा तेव्हा खालच्या रानाच्या बांधावर बसलेले असणार. त्यांना कुणी विचारलं नाही.

लांबून तो ठिपका दिव्यासारखा का दिसत होता, याचं कारण साधं आहे. सेरेसची जमीन फार काळपट आहे. तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम नऊ टक्के उजेड ती परत पाठवते. अशा काळ्या जमिनीवर पांढरं काही असलं, की कॅमेऱ्यात ते भगभगीत उमटतं. शिवाय इतक्या लांबून तो सगळा भाग फोटोच्या एखाद्या बारीकशा चौकोनात मावत होता. आत काय आहे ते दिसायला जवळ जाण्याशिवाय इलाज नव्हता.

आणि डॉन जवळ गेलं. ६ मार्च २०१५ ला ते सेरेसच्या कक्षेत शिरलं. आधी १३,६०० किलोमीटर, मग ४,४००, मग १,४७०, वर्ष संपताना ३८५. दर टप्प्याला फोटो बदलत गेला. एका दिव्याचे अनेक ठिपके झाले, ठिपक्यांचे डाग झाले, डागांना कडा आल्या, भेगा आल्या. ज्या विवरात ते होते त्याचा व्यास ९२ किलोमीटर निघाला. सांगलीहून निघालात तर कराड ओलांडून साताऱ्याच्या वाटेला लागाल, एवढा एक खड्डा. खोली सुमारे चार किलोमीटर.

शास्त्रज्ञांचाही पहिला अंदाज बदलला. २०१५ च्या डिसेंबरात मॅग्नेशियमच्या क्षाराचं नाव पुढे आलं होतं. २०१६ मध्ये यानावरच्या वर्णपटमापकानं नक्की केलं, की हे प्रामुख्यानं सोडियम कार्बोनेट आहे.

सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा. मी हे मोठ्यानं वाचत होते तेव्हा आई पापड उलटत होती. म्हणाले, "आई, तुझ्या पापडखारातही हेच असतं बरं का."

आईनं मान वर केली. "म्हणजे तिथं पापड होतील?"

आप्पा हसले. चार दिवसांत पहिल्यांदा.

खालचं रान

आता ते कारण सांगते.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. काळी, कसदार जमीन आणि बारमाही पाणी. आप्पांच्या तरुणपणी नदीवरून पाणी उचलून रानात आलं आणि त्या पाण्याबरोबर ऊस आला. आमच्या खालच्या दीड एकरात एकरी साठ टन ऊस निघाल्याचं आप्पा आजही सांगतात. मग तो पन्नासवर आला, मग तीसवर, मग वीसच्याही खाली. मी कॉलेजात जाईपर्यंत त्या रानात उसाऐवजी पांढरी बुकटी दिसायला लागली होती. सरकारी भाषेत त्याला क्षारपड जमीन म्हणतात. आमच्या भागातल्या कितीतरी घरांकडे अशी एखादी पट्टी आहे.

रान रस्त्याच्या कडेला असल्यामुळे गोडाऊनसाठी एक गिऱ्हाईक आलं होतं. काकांना माझ्या चुलतभावाच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती. बाबांचंही मत विकावं असंच होतं. आप्पा मात्र नुसते 'न्हाय' म्हणायचे आणि उठून जायचे.

एका रविवारी काकांनी मला बंगळूरला फोन लावला. "तू शिकलेली आहेस, तुझं मत सांग." मी मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडला, आमचं गाव शोधलं, रान शोधलं. हिरव्यागार चौकोनांमध्ये एक फिकट डाग. मी म्हणाले, "काका, वरून बघितलं तरी कळतंय. मेलेली जमीन आहे ती. विकून टाका."

फोन स्पीकरवर होता. आप्पा शेजारीच बसले होते.

हे मला आईनं नंतर सांगितलं. म्हणून गच्चीवर आप्पांनी तो फोटो हातात घेऊन 'ह्ये कुणाचं रान' असं विचारलं, तेव्हा मला हसू आलं नाही. मी पुन्हा तेच केलं होतं. लांबून काढलेला फोटो बघून, आत काय आहे ते न विचारता, शीर्षक देऊन मोकळी झाले होते.

त्या संध्याकाळी मी आप्पांना सेरेसबद्दल सगळं सांगितलं. सेरेस ही रोमन लोकांची शेतीची देवी. म्हणून तिथल्या विवरांना जगभरच्या शेती आणि झाडाझुडपांच्या देवदेवतांची नावं देतात. डोंगरांना आणि इतर जागांना सुगीच्या सणांची. ज्या विवरात पांढरे डाग आहेत त्याचं नाव ऑकेटर. हा रोमन लोकांचा कुळवणीचा देव.

"कुळवाला पण देव?" आप्पांना ते फारच आवडलं. "आपल्याकडं बैलाला हाय, नांगराला पुजत्यात. कुळवाचं कुणी नाव घेत न्हाय."

तिथं एक एकटा उभा डोंगर आहे, सुमारे चार किलोमीटर उंचीचा. त्याचं नाव अहुना. ते आलंय नागालँडमधल्या सुमी नागा लोकांच्या सुगीनंतरच्या सणावरून. आणि १७० किलोमीटर व्यासाच्या एका विवराचं नाव आहे उर्वरा.

"उर्वरा म्हणजे?"

"सुपीक जमीन. संस्कृत शब्द आहे."

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सकाळी येतीस का रानात?"

जवळ गेल्यावर

सकाळी सहाला निघालो. रानात मी सात-आठ वर्षांनी पाय ठेवत होते. लांबून सपाट पांढरं दिसणारं ते रान जवळून मुळीच सपाट नव्हतं. वरचा थर पापुद्र्यासारखा उचलला होता आणि पाय ठेवला की चुरचुरत होता. कुठे भेगा, कुठे ओलसर काळे चट्टे. बांधाच्या कडेनं खारट जमिनीत तग धरणारं गवत उगवलेलं. आप्पांनी चिमूटभर पांढरी माती उचलून माझ्या हातावर ठेवली.

मग ते मला कोपऱ्यात घेऊन गेले. तिथं कमरेएवढा खड्डा खणलेला होता. तळाशी पाणी. भर मे महिन्यात. खड्ड्यात एक वेळू उभा केला होता आणि त्याच्यावर कोयत्यानं पाडलेल्या खाचा होत्या.

"ही खाच दिवाळीची. ही संक्रांतीची. ही पाडव्याची. पाणी कुठवर येतं त्ये बघतो."

"कधीपासून?"

"झाली सा वर्सं."

आमच्या घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. आप्पा रोज सकाळी रानात जातात, ती म्हाताऱ्या माणसाची सवय आहे, असं आम्ही समजत होतो.

"ही जमीन मेली न्हाय पोरी," आप्पा म्हणाले. "तुंबलीय. पाणी खाली अडकलंय, त्ये वर येतंय, उनानं उडून जातंय आणि मीठ मागं ठेवतंय. आम्हीच केलं ह्ये. पाणी आलं तवा वाटलं, जितकं जास्त पाजू तितका ऊस जास्त. रातभर मोटर चालू ठेवून झोपायचो. पाणी जायाला वाट ठेवायची आसती, ह्ये ध्यानातच आलं न्हाय."

रान विकायला ते तयार का नव्हते, ते मला तिथं कळलं. त्यांनी बिघडवलेली वस्तू त्यांना दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नव्हती, आणि दुरुस्त न करता सोडायचीही नव्हती.

घरी परत आल्यावर मी लेख पुन्हा उघडला आणि या वेळी नीट वाचायला बसले.

ऑकेटर विवर साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी एका मोठ्या आघातानं तयार झालं. त्या धक्क्यानं जमीन भेगाळली, उष्णतेनं खालचं बर्फ वितळलं आणि खारं पाणी वर यायला वाट मिळाली. सेरेसवर हवा नाही. वर आलेलं पाणी टिकत नाही, ते निघून जातं आणि मीठ मागं राहतं. पण गंमत अशी, की तो पांढरा थर विवराएवढा जुना नाही. तो वीस लाख वर्षांच्या आतला आहे. म्हणजे आघाताची ऊब विझून गेल्यावरही खालून पाणी येत राहिलं.

२०१८ मध्ये डॉन ऑकेटरवरून अवघ्या ३५ किलोमीटर उंचीवरून गेलं. तेव्हाच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. विवराखाली सुमारे ४० किलोमीटर खोल, शेकडो किलोमीटर पसरलेला खाऱ्या पाण्याचा साठा असल्याचं त्यात दिसलं. शिवाय मधल्या डागात पाणी धरून ठेवलेलं मीठ सापडलं. उघड्यावर अशा मिठातलं पाणी फार काळ टिकत नाही. ते अजून तिथं आहे, याचा अर्थ ओल अगदी अलीकडे वर आलेली आहे. लांबून कोरडा, थंड, मेलेला दगड वाटणाऱ्या त्या गोळ्याच्या पोटात ओल निघाली.

आमच्या रानात आणि ऑकेटरमध्ये फरक अर्थातच आहे. आमच्याकडे ऊन पाणी ओढून घेतं, काळ्या मातीतल्या बारीक वाटांनी ते वर चढतं. तिथं भेगांमधून वर आलं, आणि ते कुणाच्या मोटरीनं केलेलं नाही. पण पांढरा डाग दोन्हीकडे एकच गोष्ट सांगतो : इथं पाणी होतं, आणि खाली अजून आहे.

शीर्षक बदलून मी 'सेरेसवरचं मीठ' असं केलं. ते मंजूर झालं नाही. 'रहस्यमय' परत आलं. पण आतले आठशे शब्द माझे राहिले.

वाट करून देताना

त्या रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आप्पा, मी त्या दिवशी फोनवर जे बोलले ते चुकीचं होतं. मी रान बघितलंच नव्हतं."

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बरं बरं. कालवण घे."

पुढचं सगळं इतकं सोपं झालं नाही. काकांचा प्रश्न खरा होता. फी भरायची होतीच. काकांनी शेवटी शैक्षणिक कर्ज काढलं आणि बरेच दिवस ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. क्षारपड जमिनीवर उपाय आहे, तो म्हणजे जमिनीखाली भोकं पाडलेले पाईप उताराला टाकायचे, तुंबलेलं पाणी त्यात उतरतं आणि मीठ विरघळून बाहेर जातं. पण ते पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर शेजारच्या रानांतून न्यावं लागतं. चार शेजाऱ्यांपैकी तिघे तयार झाले. चौथ्यांच्या दारात बाबा आणि काका दोघं मिळून पाच वेळा गेले.

माती तपासायला आलेल्या कृषी पदवीधर मुलानं विचारलं, "पाण्याची पातळी वर्षभरात कितपत बदलते, काही अंदाज आहे का?" आप्पा आत गेले आणि भिंतीवरची जुनी कॅलेंडरं घेऊन आले. सहा वर्षांची. तारखांच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलेलं : दीड हात, दोन हात, हातभर. त्या मुलानं ती सगळी पानं मोबाईलवर फोटो काढून घेतली. काका मागं उभे राहून बघत होते. संध्याकाळी त्यांनी आप्पांना न सांगता खड्ड्यातला तो जुना वेळू बदलून नवा घातला. जुन्यावरच्या सगळ्या खाचा मोजून, नव्यावर तशाच पाडून.

पाईप गेल्या उन्हाळ्यात पडले. ऊस अजून नाही. पहिल्या पावसावर धैंचा पेरला, तो खाऱ्या जमिनीतही येतो आणि गाडला की मातीला खत होतो. निम्म्या रानात उगवला, निम्म्यात नाही. काकांनी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. हिरवं आणि पांढरं असं अर्धं अर्धं रान. खाली आईनं लिहिलं, "मस्त". बाबांनी नेहमीप्रमाणे अंगठा टाकला.

परवा आप्पांचा फोन आला. तब्येतीचं, पावसाचं बोलून झालं. मग म्हणाले, "तुझं त्ये यान काय म्हणतंय?"

मी सांगितलं, की डॉन आता बोलत नाही. दिशा सांभाळायला लागणारं त्याचं इंधन संपलं आणि २०१८ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याचा आवाज बंद झाला. पण ते पडलेलं नाही. सेरेसवर पाण्याचा अंश आहे, तिथं आपली घाण नको, म्हणून त्याला मुद्दाम अशा कक्षेत सोडलंय की निदान वीस वर्षं तरी ते खाली पडू नये. बंद पडलेलं यान त्या पांढऱ्या डागांवरून अजून फिरतंय.

आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागून मोटरीचा आवाज येत होता. मग कुणीतरी ती बंद केली.

"म्हंजे राखणीला ठेवलंय म्हणायचं," आप्पा म्हणाले. "बरं केलं. रान मोकळं सोडू नये."